पाय पुसून आत या

उल्हासनगरच्या एका दवाखान्यात दर गुरुवारी एक बाई येतात. ज्यांची वाचा गेली आहे त्यांना त्या पुन्हा बोलायला शिकवतात. ह्यांच्या आजारपणात त्यांची ओळख झाली. हे गेल्यानंतर एकदा त्या मला म्हणाल्या, "तुम्ही शाळेत मराठी शिकवता. चार पानं लिहून द्या. नव्या येणाऱ्या बायका बाहेरच्या बाकावर रडत बसलेल्या असतात, त्यांच्या हातात देईन."

त्याला दोन वर्षं झाली. चार पानांना दोन वर्षं लागली, कारण दर वेळी मी पाण्याच्या चमच्यापाशी येऊन थांबत होते. आता तेही लिहिते.

औषधांबद्दल मी काही लिहिणार नाही, त्यातलं मला कळत नाही. बोलणं गेलेल्या माणसाबरोबर आम्ही घरात एक वर्ष कसे राहिलो आणि त्या वर्षाच्या दोन टोकांचे दोन नाताळ कसे गेले, एवढंच मला सांगता येईल.

गोष्ट फिरवणे

आधी आमच्या घरची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आम्ही ख्रिस्ती. ह्यांचं घर मूळचं नगर जिल्ह्यातलं. सासरे तिथे खेड्यातल्या शाळेत मास्तर होते. ह्यांना अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटरची नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, तेव्हा सासू-सासरे आमच्याकडे राहायला आले. थोरले दीर आणि जाऊबाई बदलापूरला राहत. त्यांना मूलबाळ नाही. आम्हाला एक मुलगी, स्नेहल.

नाताळच्या आदल्या दिवशी, दिवे लागले की आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत सतरंजीवर गोल बसत असू. दारावर पतंगाच्या कागदाची चांदणी, मध्ये करंज्यांचा डबा, आणि बेकरीतून भाजून आणलेला केक. सासऱ्यांनी मुलं लहान असताना ख्रिस्तजन्माची गोष्ट आपल्या साध्या बोलीत बसवून माणसागणिक एकेक वाक्य वाटलं होतं. घरात सून आली, नातवंड आलं की वाक्य वाढायचं. त्याला आमच्या घरात "गोष्ट फिरवणे" म्हणतात.

स्नेहल सुरुवात करायची, "फार थंडी होती, आणि योसेफ-मरीया पायी निघाले होते." मग दीर, "गाव पाहुण्यांनी भरलं होतं." मग जाऊबाई, "ते दारोदार हिंडले, कुणी दार उघडेना." मग ह्यांचं वाक्य. मुळात ते असं होतं, "एक म्हातारा म्हणाला, घरात जागा नाही, पण गोठा आहे, आत या." हे पाच वर्षांचे असताना ऐन वेळी त्यांनी त्यात आपली भर घातली, "पाय पुसून आत या." सासूबाई दिवसभर दारातून तेच ओरडत असणार. सगळे पोट धरून हसले. सासरे म्हणाले, "असू दे. म्हाताऱ्याची बायकोही घरात असेल की!" तेव्हापासून वाक्य तसंच राहिलं. चाळिशी ओलांडलेला, हाताला ग्रीसचा वास असलेला माणूस दर नाताळला गंभीर चेहऱ्याने ते म्हणायचा आणि सगळे दर वर्षी हसायचे.

ह्यांच्यानंतर सासऱ्यांचं वाक्य. तीन शब्दांचं. "आणि बाळ जन्मलं." मग सासूबाई, "मेंढपाळांनी ऐकलं आणि मेंढरं तशीच टाकून धावले." आणि शेवटी माझं. मी लग्न होऊन आले त्या नाताळात सासऱ्यांनी ते माझ्यासाठी केलं. "मरीया काही बोलली नाही. तिनं सगळं मनात ठेवलं." हे म्हणाले, "बाबांनी माप घेऊन शिवलंय." मी तेव्हाही फार बोलत नसे.

नियम दोनच होते. वाक्य ज्याचं त्याचं. आणि कुणी विसरलं तर त्याला सांगायचं नाही, थांबायचं. माझा पहिलाच नाताळ होता, जाऊबाई अडखळल्या आणि मी सवयीने पुढचा शब्द सांगायला तोंड उघडलं. सासऱ्यांनी हात वर केला. "बाई, आपण दोघंही मास्तर. शाळेत सांगायचं. घरात थांबायचं."

सासरे गेले त्या वर्षी त्यांचं वाक्य कुणी म्हणायचं असा प्रश्न आला. सासूबाई म्हणाल्या, "कुणी नाही. ज्याला दिलं त्याचं ते." म्हणून त्या जागी आम्ही एक श्वासभर गप्प राहू लागलो. आमच्या घरात बाळ जन्मल्याचं कुणी बोलत नाही. गप्प राहतो, आणि मग मेंढपाळ धावतात.

रविवारची सकाळ

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नोव्हेंबरातला रविवार. आम्ही उपासनेला निघालो होतो. हे खाटेच्या कडेला बसून म्हणाले, "माझा तो कुठाय? तो... तो..."

"काय तो?"

"तो गं. खालचा."

एक बूट त्यांच्या हातात होता. मला वाटलं चेष्टा चाललीय. उशीर झाला होता. मी वर्गात मुलाला म्हणावं तसं म्हटलं, "अहो, नीट बोला."

तो बूट हातातून पडला. उजवा हात मांडीवरून घसरला आणि तसाच लोंबत राहिला. तोंडाचा एक कोपरा खाली आला होता. हे धडधाकट असताना मी त्यांच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य "नीट बोला" हे होतं. लोक म्हणतात तुला काय माहीत होतं. खरं आहे. मला माहीत नव्हतं.

शेजारच्या म्हात्रेवहिनींच्या यजमानांनी रिक्षा आणली. म्हात्रेवहिनी जवळच्याच जांभूळ गावच्या, माहेर शेतकऱ्याचं, अंगात ताकद पुरुषाची. त्यांनी आणि यजमानांनी ह्यांना उचलून रिक्षात ठेवलं. उल्हासनगरला एका दवाखान्यात नेलं. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गुठळी आहे, उजवी बाजू गेली आहे, बोलण्याची जागाही दुखावली आहे. मी विचारलं, "कधी बोलतील?" ते म्हणाले, "आधी जगू द्या."

दुपारी मी वऱ्हांड्यात बसले होते आणि मनात एकच हिशेब चालू होता. नाताळला सहा आठवडे आहेत. सहा आठवड्यांत एक वाक्य. एवढं तर येईलच. का कोण जाणे, सगळी आशा मी त्या एका वाक्याला बांधली. त्यांना ते म्हणता आलं तर माझं माणूस आत आहे. नाही आलं तर काय, याचा विचार मी केला नाही.

चमचा

वॉर्डात दिवस पहाटे सुरू व्हायचा. आया येऊन फरशी पुसायची, मग नर्स ताप बघायची. दर दोन तासांनी ह्यांना कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, उजवा हात उशीवर ठेवायचा. नाकातून नळी घातली होती, त्यातून दूध आणि पेज. गिळण्याची शक्ती गेली होती, म्हणून खाटेच्या दांडीला पुठ्ठा बांधला होता, "तोंडाने काही देऊ नये". तो पुठ्ठा मीच लिहिला होता, कारण नर्स म्हणाल्या, "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे."

पाचव्या दिवशी त्यांनी पहिला शब्द उच्चारला. जड जिभेने, ओला. मला ऐकू आलं, "पाणी."

मी नर्सला बोलावलं. ती म्हणाली, चांगलं आहे, पण पाणी नाही द्यायचं. दिवसभर ते तेच म्हणत राहिले. डोळे माझ्यावर, आणि तोच शब्द. ओठांना पापुद्रे आले होते. मी ओला कापूस फिरवत राहिले.

शेजारच्या खाटेवर एक सिंधी आजोबा होते. त्यांची सून, कविताभाभी, फार चांगली बाई. रोज दोन डबे आणायची, एक सासऱ्यांचा आणि एक माझा. तिलाही ते ऐकवेना. "दीदी, सुबह से पानी-पानी कर रहे हैं. दो चम्मच तो दे दो. प्यासे आदमी को ऐसे देखते रहोगी?"

मी पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

"अरे, वो तो तुमने ही लिखा है ना!"

ती सहज बोलली. तिचा काही दोष नाही. संध्याकाळी नर्स दुसऱ्या वॉर्डात होती. मी थर्मासच्या झाकणात पाणी ओतलं आणि एक चमचा दिला. हे माझ्याकडे बघत होते. मग दुसरा. दुसऱ्याला ठसका लागला. ठसका थांबेना, चेहरा काळा-निळा झाला, माणसं धावली. पाणी फुप्फुसात गेलं. दोन दिवसांत ताप चढला, न्यूमोनिया. अकरा दिवस ते जगतात की नाही असं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "कुणी काही दिलं का?" मी म्हटलं, "दिलं. मी दिलं." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढच्या खाटेकडे गेले.

ताप उतरल्यावर ह्यांच्या खात्यातले सावंत भेटायला आले. वीस वर्षं दोघं एका बाकावर काम करत होते. ह्यांनी डोळे उघडले आणि तोच शब्द म्हटला. सावंत पुढे वाकले, हसले.

"वहिनी, काय म्हणतोय ऐकलंत का? पाना, पाना! दिवसभर आम्ही दुसरं काय म्हणतो, पाना दे, पाना घे. पऱ्या, लेका, आजारी पडून पण कारखान्यात आहेस होय?"

पाणी नाही, पाना. नटबोल्ट आवळायचा पाना. एका अक्षराच्या फरकावर मी त्यांना मरणाच्या दारात नेलं होतं, आणि मी मराठीची शिक्षिका.

दुसऱ्या दिवशी सावंत खरोखरच एक पाना खिशातून घेऊन आले आणि ह्यांच्या डाव्या हातात ठेवला. ह्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. जसं काही कधी पाहिलाच नाही. मग तो चादरीवर ठेवला आणि आमच्याकडे बघून कळवळून म्हणाले, "पाना."

पानाही नको होता. त्यांना काय हवं होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. जो शब्द हाताशी राहिला होता तो ते पुढे करत होते, एवढंच.

हे वाचणाऱ्या बाईला मी हात जोडून सांगते. डॉक्टर सांगेपर्यंत तोंडात थेंबही घालू नका. कुणी कितीही बोललं तरी. माणूस एक म्हणतं आणि आपल्याला दुसरं ऐकू येतं.

घरी

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरी आणलं. तोवर मऊ भात गिळता येऊ लागला होता. काठी घेऊन, माझ्या खांद्यावर हात ठेवून खिडकीपर्यंत चालत. बोलणं मात्र एका शब्दाचंच. भूक लागली, पाना. रेडिओ लावा, पाना. आई आली, पाना. त्यांना स्वतःला कळायचं की चुकीचं येतंय. डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून ते दुसरा शब्द ओढायला जायचे आणि तोच हाती यायचा. मग डाव्या मुठीने खुर्चीच्या हातावर मारायचे.

स्नेहल तेव्हा आठवीत होती. पहिले काही दिवस ती त्यांच्यासमोर जायचीच नाही. मैत्रिणींना घरी येऊ द्यायची नाही. एकदा मी रागावले तेव्हा म्हणाली, "मला भीती वाटते गं. बाबा आतून हाक मारतायत आणि दार लागलंय असं वाटतं."

मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली होती. सकाळी दहा ते अकरा मी शिकवणी घ्यायचे. पाटीवर त्यांच्या वाक्यातला शब्द लिहायचा, "घरात". ओठांची हालचाल दाखवायची. "म्हणा, घ. घ-रा-त." त्यांना घाम यायचा. "पा," म्हणायचे. मी म्हणायचे, "पा नाही, घ." सासूबाई आतून ऐकत. एक दिवस त्या म्हणाल्या, "करुणा, तो नापास होतोय की तू?"

त्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेरून बापलेकीचा आवाज आला.

"पाना?"

"पाना पाना."

"पानाऽऽ!"

मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. "स्नेहल, बाबांची चेष्टा करतेस?"

"चेष्टा नाही गं, बोलतोय आम्ही." ती त्यांच्या पायाशी बसली होती. "लांबवला की लघवी. दोनदा पटपट म्हणजे रेडिओ. आणि आत्ता बाबा म्हणाले की तू फार कटकट करतेस."

हे हसत होते. अर्धा चेहराच हसला, पण हसले. आजारपणात मला ते पहिल्यांदा हसताना दिसले. त्यात मी नव्हते.

पहिला नाताळ

दीर बदलापूरहून आले, म्हणाले, "करुणा, यंदा गोष्ट नको. प्रभाकरला लाजल्यासारखं होईल. प्रार्थना करू, जेवू."

सासूबाई म्हणाल्या, "त्याला वगळून नाताळ करायचा तर तो मेलाय असं म्हण ना सरळ."

मला तर गोष्ट हवीच होती. आदल्या दिवशी चर्चच्या मंडळीतले लोक गाणी म्हणत दारी आले होते, तेव्हा ह्यांनी शब्द नसलेली सगळी चाल शेवटपर्यंत बरोबर गुणगुणली होती. मी रात्रभर तेवढ्यावर जगले. गाणं आलं, वाक्यही येईल.

त्या वर्षी मी फराळ केला नाही. केकही नाही. दर वर्षी शेजाऱ्यांना ताटं जायची, ती गेली नाहीत. चांदणी मात्र स्नेहलने लावली, थोडी वाकडी.

ह्यांना खुर्चीत बसवलं, आम्ही भोवती सतरंजीवर. स्नेहलने सुरुवात केली. दीर बोलले. जाऊबाई बोलल्या, "ते दारोदार हिंडले, कुणी दार उघडेना."

मग ह्यांची पाळी.

त्यांनी मान वर केली. त्यांना कळलं होतं, ते नक्की. ओठ हलले. आम्ही थांबलो. बाहेरून रेडिओचा आवाज येत होता. जाऊबाईंनी डोळे मिटले होते. मला वाटतं एक मिनिटही झालं नसेल. मला ते सोसवेना.

"घरात," मी म्हटलं.

"करुणा," सासूबाई म्हणाल्या.

"घरात जागा," मी पुन्हा म्हटलं. ओठांचा आकार करून दाखवला, पाटीपुढे दाखवायचे तसा. "म्हणा. घ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी इथे लिहू शकत नाही. "पाना," ते म्हणाले, आणि मूठ खुर्चीवर आपटली. "पाना. पाना." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मला सांगायचं नव्हतं, थांबायचं होतं. इतक्या वर्षांत मी तो नियम मोडला नव्हता. मोडला तो त्या दिवशी.

तेवढ्यात उघड्या दारात म्हात्रेवहिनी आल्या. हातात झाकलेलं ताट. "करुणाताई, यंदा तुमी नाय केल्या म्हणून मीच केल्या गो करंज्या. जरा वाकड्या झाल्यात, पण..." खोलीतली शांतता पाहून त्या उंबऱ्यावरच थबकल्या.

ह्यांनी मान वळवली. त्यांच्याकडे पाहिलं. आणि आपल्या जुन्या, नेहमीच्या, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पाय पुसून."

कुणी हललं नाही.

"पुसते हो भाऊ, पुसते," म्हात्रेवहिनी घाबरून म्हणाल्या आणि पोत्याच्या पायपुसण्यावर दोन्ही पाय घासून आत आल्या.

स्नेहल ओरडली, "बाबा बोलले!" दीर उठून उभे राहिले. मी म्हात्रेवहिनींचा हात धरला. "वहिनी, जरा बाहेर जा. पुन्हा आत या."

"काय?"

"जा ना. आत्ता आलात तशाच या."

त्या गेल्या, आल्या. हे नुसते बघत राहिले. मी त्यांना पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदा त्या बिचाऱ्या ताट हातात धरून, बाहेरूनच "करुणाताई, करंज्या आणल्यात गो" म्हणत आल्या. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

"पुरे," सासूबाई म्हणाल्या. "तो काय पोपट आहे?"

गोष्ट तिथेच राहिली. सासऱ्यांची शांतता पाळली गेली नाही. मेंढपाळ धावले नाहीत. माझं वाक्य मी म्हटलं नाही. आम्ही करंज्या खाल्ल्या. त्या फार छान झाल्या होत्या.

गुरुवार

जानेवारीत बोलायला शिकवणाऱ्या त्या बाईंची गाठ पडली. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की गाणी, प्रार्थना, लहानपणापासूनची तोंडातली वाक्यं मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतात. ती कधी आपोआप निघतात, मागितली म्हणून निघत नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्ही प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबता?"

"थांबते की."

त्यांनी घड्याळ लावून दाखवलं. मी तीन सेकंद थांबत होते. "वीसपर्यंत आकडे मोजा," त्या म्हणाल्या. "मनात. आणि मोजताय हे त्यांना दिसू देऊ नका."

मी मोजायला शिकले. कधी अठराला एखादा शब्द यायचा. "चहा" आला. "स्नेह" आलं, पुढचा "ल" नाही. माझं नाव आलं नाही. बऱ्याचदा वीस व्हायचे आणि काही यायचं नाही, मग आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत बसायचो. त्या दिवसांत मी त्यांच्याजवळ होते असं आता वाटतं. तेव्हा फक्त दमलेली असायचे. सासूबाईंशी भांडायचे, स्नेहलवर ओरडायचे, दुपारी मोरीत पाण्याचा नळ सोडून रडायचे. आजाऱ्याजवळ बसणारं माणूस चांगलं होत जातं असं कुठे कुठे वाचलं होतं. माझं तसं झालं नाही.

"पाय पुसून" पुन्हा कधी आलं नाही. वर्षभर दारात कुणी आलं की मी ह्यांच्या तोंडाकडे बघायचे.

दिवाळीनंतर दुसरा झटका आला. तीन दिवस. डोळे उघडे होते, पण काहीच बोलले नाहीत. मी कानाशी वाकून वीसपर्यंत मोजायचे आणि पुन्हा एकपासून सुरू करायचे. त्या तीन दिवसांत मी "पाना" हा एक शब्द किती मागितला असेल. तोही आला नाही.

दुसरा नाताळ

पाच आठवड्यांनी नाताळ आला. कुणाच्या मनात काही करायचं नव्हतं. करंज्या म्हात्रेवहिनींनी आमच्या घरात येऊन केल्या, त्यांच्याकडे सारणात गूळ घालतात तशा. केकचं मिश्रण मात्र मी घोटलं आणि डबा घेऊन बेकरीत भाजून आणला. हात करत होते ते मी बघत होते.

दीर म्हणाले, "आई, एक विचारू? बाबांचं वाक्य नाही, आता प्रभाकरचंही नाही. दोन्ही शेजारी-शेजारी. कुणी दार उघडेना, आणि मग एकदम मेंढपाळ धावले. मध्ये काही उरतच नाही. त्याचं वाक्य स्नेहलला देऊ या."

सासूबाईंनी रात्रीच्या पणतीची वात वळून ठेवली. त्या वर्षी त्या फार थकल्या होत्या. मग म्हणाल्या, "दिलेलं परत घेत नाहीत. त्याच्या जागी थांबू."

आम्ही गोल बसलो. थंडी होती म्हणून दार लावलेलं होतं. ह्यांची खुर्ची तशीच भिंतीशी होती, ती कुणी हलवली नव्हती.

स्नेहल म्हणाली, "फार थंडी होती, आणि योसेफ-मरीया पायी निघाले होते." दीर म्हणाले. जाऊबाई म्हणाल्या, "ते दारोदार हिंडले, कुणी दार उघडेना."

सगळे गप्प झाले. त्या शांततेत स्नेहल उठली. काही न बोलता तिने दाराची कडी काढली, दार सताड उघडलं, पायपुसणं पायाने सरळ केलं आणि परत येऊन आपल्या जागी बसली. गार वारा आत आला. दिवा हलला. कुणी हसलं नाही, कुणी रडलंही नाही.

मग सासऱ्यांची श्वासभर शांतता.

मग सासूबाई, अगदी हळू, "मेंढपाळांनी ऐकलं आणि मेंढरं तशीच टाकून धावले."

माझी पाळी. मरीयेची दोन छोटी वाक्यं, इतकी वर्षं म्हटलेली. तोंड उघडलं आणि काही आलं नाही. शब्द मला माहीत होते. समोर दिसत होते, पाटीवर लिहिल्यासारखे. पण तिथपर्यंत जाता येत नव्हतं. ओठ हलले असतील. मला तेव्हा कळलं की त्या खुर्चीतून आम्ही सगळे कसे दिसत असू.

दीर सतरंजीकडे बघत होते. जाऊबाईंनी डोळे मिटले होते. सासूबाई अगदी माझ्या शेजारी होत्या, त्यांना माझं वाक्य त्यांच्या स्वतःच्या वाक्याइतकंच पाठ होतं. स्नेहलने माझ्याकडे पाहिलं आणि नजर दाराकडे वळवली, मला बघितलं जातंय असं वाटू नये म्हणून. आत दूध उतू गेल्याचा वास आला. कुणी उठलं नाही.

वीस केव्हाच होऊन गेले होते.

कुणीही मला सांगितलं नाही. मग मी म्हटलं.